रक्त द्यावे आणि गप्प बसावे

शरीरात कोणती जीवनसत्त्वे आणि खनिजे कमी आहेत हे जाणून घ्यायचे असल्यास डॉक्टरांना विचारण्याचा जुनाट मार्ग सोडावा आणि थेट ८५ तपासण्यांचे पॅकेज घ्यावे. रक्त नेणारा मुलगा सात वाजता येणार असेल, तर साडेनऊपर्यंत कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या वासावर निभावण्याची इंदूरकरांनी सवय करावी.

शरीरातला लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ताप असतानाच तपासावे, कारण शरीरात दाह असला की ते वाढते आणि लोहाची कमतरता कागदावर तरी दिसेनाशी होते.

आदल्या रात्री केसांसाठीची बायोटिनची गोळी अवश्य घ्यावी. थायरॉइडचे आकडेही बिघडवण्याचे सामर्थ्य तिच्यात असते.

८५ या आकड्यावर मात्र पूर्ण श्रद्धा असावी. गेल्या आठवड्यात रामबागेतल्या आमच्या घरी आईचे रक्त नेले आणि संध्याकाळी मोबाइलवर चौदा पानी अहवाल आला. मी मोजत बसलो. वीसेक नोंदी एकट्या हिमोग्रामच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, होत्या, आणि कोलेस्टेरॉलची जी गुणोत्तरे स्वतंत्र तपासण्या म्हणून मिरवत होती, ती एका आकड्याला दुसऱ्याने भागून निघतात. त्यासाठी रक्ताचा थेंबही लागत नाही, चौथीतला मुलगा पुरतो. आई बारा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ कमी होऊ शकते, आणि तिच्या तळपायांना मुंग्या येतात म्हणून तर हा सारा खटाटोप होता. चौदा पानांत ब-१२ कुठेच नव्हते! फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "सर, वो ऐड-ऑन में है।"

'ड' जीवनसत्त्व १९ निघाल्याचे कळवणारा गोड आवाज मात्र अहवालाच्या आधी आला, आणि त्याच दमात तीन महिन्यांच्या गोळ्यांची किंमतही सांगून गेला.

अहो, सुई टोचण्यापूर्वी "आजी, कोणती औषधे घेता?" एवढे विचारायला तुमचे काय जाते? आणि आपणही कमी नाही. मेथीची जुडी चारदा उलटून पाहणारा मी, तपासण्यांची यादी न वाचता पैसे भरून मोकळा झालो. तुम्हीही तेच करता. आईच्या कोपराजवळचा काळानिळा डाग अजून गेलेला नाही, आणि ब-१२साठी उद्या सकाळी तो मुलगा पुन्हा येणार आहे.