पोह्यांच्या रांगेतले निदान

काल सकाळी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात मी पोह्यांवरची शेव वेगळ्या द्रोणात मागितली आणि तेवढ्या भांडवलावर मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाने मला मनोरुग्ण ठरवून टाकले. "काका, राग मानू नका, पण तुम्हाला ओसीडी आहे," तो म्हणाला. ओसीडी म्हणजे मंत्रचळ; आणि हे अशा आवाजात, की जिलेबी तळणाराही झारा थांबवून माझ्याकडे पाहू लागला.

वाफेने शेव मऊ पडते म्हणून वेगळी मागितली, असे मी सांगताच त्याने त्याला 'डिनायल', म्हणजे सत्य नाकारणे, म्हटले. मी गप्प बसलो तर ते 'रिप्रेशन', म्हणजे मनातले दडपणे, झाले. आणि दुकानदाराला मी जरा चढ्या आवाजात पोह्यांवरचा जिरावन मसाला मागितला, तेव्हा त्याने शेजारच्याला 'डिस्प्लेसमेंट', म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर काढणे, समजावून सांगितले. मनाच्या या बचाव-यंत्रणांची पद्धतशीर मांडणी मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली एका पुस्तकात केली. रांगेतल्या माणसाचे तोंड बंद करण्यासाठी तिचा असा उपयोग होईल, हे त्या विदुषीच्या ध्यानीमनी नसावे.

मग त्याची गाडी इतरांकडे वळली. दुकानदार काल गोड बोलला होता आणि आज खेकसला, म्हणून तो 'बायपोलर', म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा आजाराचा. वास्तविक त्या आजारातला उन्माद निदान आठवडाभर टिकावा लागतो; गिऱ्हाईक बदलले की बदलणाऱ्या स्वभावाला आपल्याकडे धंदा म्हणतात. त्या तरुणाची सासू 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेली, होती आणि पगारवाढ विसरणारा साहेब 'गॅसलाइटिंग', म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणे, करीत होता. स्वतः मात्र तो 'इंट्रोव्हर्ट' असल्याचे त्याने, आम्हांपैकी कोणीही विचारले नसताना, रांग पुढे सरकेपर्यंत अखंड सांगितले. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार मांडले, तेव्हा पोह्याच्या रांगेत प्रवचन देणारा अंतर्मुख त्यांच्या पाहण्यात आला नसावा.

गंमत अशी, की त्या जागी चपखल बसणारी एकमेव संकल्पना, 'कंडिशनिंग' म्हणजे खुणेची शरीराला लागलेली सवय, त्याला सुचलीच नाही. कढईवर झारा वाजला की जिलेबी दिसण्याआधीच आम्हा सर्वांच्या तोंडाला पाणी सुटत होते, आणि रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या, खाण्याआधीच्या खुणेला सरावलेल्या कुत्र्यांचेही नेमके हेच झाले होते. पण त्यात कोणाला आजारी ठरवता येत नाही, त्यामुळे तिला बाजारात भाव नाही.

मी हे सारे हसण्यावारी नेले असते. पण ओसीडी काय असते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या मनात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, त्याची भीती शमवण्यासाठी ती हात धुते, भीती घटकाभर शमते आणि पुन्हा उसळते. हे निरर्थक आहे, हे तिला तुमच्या-माझ्याहून अधिक कळते. साबणाने तिच्या हातांची सालपटे निघत होती आणि घरचे कौतुकाने सांगत होते की, मुलगी स्वच्छतेची फार भोक्ती. पुढे डॉक्टर मिळाले, उपचार सुरू झाले, आजाराला नाव मिळाले. आता ते नाव तिने चारचौघांत घेतले की समोरची बाई आनंदाने म्हणते, "अगं, मलापण आहे! ये एकदा, माझं कपाट बघ."