शहापूरच्या भाजीला ठाण्यात बसायला जागा द्या

रेशनवर धान्य फुकट मिळतं म्हणजे गरिबाच्या जेवणाचा प्रश्न मिटला असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा महिनाअखेरीला वागळे इस्टेट नाहीतर कळव्याच्या चाळीत जाऊन ताटात काय असतं ते बघावं. भात असतो, चपाती असते, बटाट्याचा रस्सा असतो. पालेभाजी दिसली तर नशीब. मी सरकारला नावं ठेवायला बसलेली नाही. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा खरंच मोठं काम आहे, माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्यांना म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांना घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. शिवभोजन थाळी पण तशीच, २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयात दोन चपात्या भाजी वरण भात, नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा.

पण हे झालं धान्याचं आणि तयार जेवणाचं. ताज्या भाजीचं काय?

आपला ठाणे जिल्हा काही नुसता टॉवरचा जिल्हा नाही. शहापूर, मुरबाड इथे भेंडी, काकडी, शिराळी, कारली चांगली होतात. आता ही भेंडी आपल्यापर्यंत येते कशी ते बघा. शहापूरहून टेम्पो निघतो, नाशिक हायवेने माजिवड्याला येतो म्हणजे अक्षरशः आपल्या दारात येतो, आणि न थांबता पुढे वाशीच्या मार्केटला जातो, तिथे मध्यरात्रीनंतर माल उतरतो, हमाली, तोलाई, आडत सगळं होतं, आणि पहाटे तीच भेंडी ठाणे-बेलापूर रोडने परत ठाण्यात येते!! शेतकऱ्याच्या हातात काय पडलं आणि आपण काय मोजलं हा हिशेब कुणीही करू शकतो. वाशीच्या मार्केटला माझा विरोध नाही, एवढ्या मोठ्या मुंबईला माल पुरवायचा तर ते लागणारच. पण जी भाजी ५०-६० किलोमीटरवर पिकते तिने एवढा वळसा का घालायचा?

२०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. शेतकरी कुठेही, कुणालाही विकू शकतो. त्याच सुमारास पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते. शेतकरी स्वतः वजन करतो, स्वतः पैसे घेतो, मधे कुणी नाही. पण मी जे बाजार बघितलेत ते बहुतेक मोठ्या कॉम्प्लेक्सच्या आसपास भरतात. लोकमान्य नगरच्या बाईने भाजीसाठी रिक्षा करून तिकडे जायचं का? आणि विकायची मोकळीक दिली पण बसायला जागा नाही दिली तर तो शेतकरी शहरात आल्यावर शेतकरी राहतच नाही, तो अनधिकृत फेरीवाला होतो.

यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात त्या कसारा लोकलने येणाऱ्या आमच्या आदिवासी मावश्या. खर्डी, आटगाव, आसनगावहून पाटी डोक्यावर घेऊन येतात. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या, पळसाच्या पानावर मांडलेले कंटोळ्यांचे वाटे. शेवळाची जुडी घेतली की मावशी मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, न विचारता पिशवीत टाकते, कारण ती घातली नाहीत तर भाजी घशाला खाजते. कुठलं ॲप हे देणार आहे तुम्हाला? आणि मग पालिकेची फेरीवाले हटवणारी गाडी येते. पाटीच उचलून नेतात. मी डोळ्यांनी बघितलंय, सकाळी सातला घर सोडलेली बाई रिकाम्या हाताने परत जाताना. एकीकडे ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेही छानच आहे, पण वर्षातून एकदा मांडव घालायचा आणि बाकी दिवस त्याच बायकांना हाकलायचं हे मला पटत नाही.

२०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांचा सर्व्हे करा, समिती नेमा, जागा ठरवून द्या. पण सर्व्हेत सापडतो तो रोज एकाच ठिकाणी बसणारा. आठवड्यातून दोनदा, तेही हंगामातच येणारी बाई त्यात कशी सापडणार? तिच्यासाठी वेगळी सोय हवी.

नाचणीचं पण तेच. अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्य लिहिलेलं आहे. आपल्या डोंगराळ भागात नाचणी होते, केंद्राने २०२५-२६ साठी क्विंटलला ४८८६ रुपये हमीभावही जाहीर केलाय. मग ती इथेच खरेदी करून इथल्याच रेशन दुकानात का देत नाही? वाढत्या वयाच्या मुलांना, बाळंतिणीला याहून चांगलं काय आहे? आणि शहरात रेशनच्या प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. ठाण्यात तेवढ्यात खोलीचं भाडं निघतं का सांगा. चार घरची कामं करणारी ताई या हिशेबाने श्रीमंत ठरते, तिला फुकट धान्य नाही आणि भाजी परवडत नाही.

काही जण म्हणतील जागा आणायची कुठून, आधीच ट्रॅफिकने जीव नकोसा झालाय. रस्ता कोण मागतंय? शाळांची मैदानं रविवारी सकाळी रिकामी असतात, सहा ते दहा चार तास द्या. वागळे, कळवा, मुंब्रा, लोकमान्य नगर, प्रत्येक ठिकाणी एक. पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पावसासाठी वर पत्रा, एवढंच. माजिवड्याला हायवेजवळ टेम्पो उभे राहतील असा एक तळ द्या म्हणजे शहापूरचा माल तिथेच उतरेल. स्टेशनजवळ मावश्यांसाठी ओटे राखून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयातून हंगामापुरता पास द्या, फोटो लावून, की गाडी आली तर तो दाखवता येईल. आमच्या भागातून असा अर्ज लिहायचं ठरवतोय, ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये आपला प्रभाग लिहा.