तळापासून चार बोटं

स्टीलहेड हा मासा नदीत आला की जवळजवळ जेवत नाही. समुद्रात दोन-तीन वर्षं यथेच्छ हादडून, तीन ते पाच किलोचा होऊन तो विणीसाठी जन्माच्या नदीत परततो आणि उपासच धरतो म्हणा ना. या उपासाच्या पाहुण्याच्या नाकासमोरून आपण पितळेचा चमचा, म्हणजे गळ लावलेला चकचकीत पत्रा, फिरवायचा आणि त्यानं चिडून का होईना, तो तोंडात धरावा अशी वाट बघायची. आग्रह करणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पण पंगतीतला आग्रह कोरड्या जागी करता येतो. हा मात्र जानेवारीत, मांडीभर पाण्यात उभं राहून, दिवस उजाडायच्या आत सुरू करावा लागतो. अमेरिकेत ऑरेगन-वॉशिंग्टन राज्यांकडचे लोक याला 'हजार फेकींचा मासा' म्हणतात, आणि ते सहसा वाढवून बोलत नाहीत.

खरं तर हा आपला रेनबो ट्राउटच. एकाच नदीत जन्मलेल्या भावांपैकी एक घरीच किडे टिपत राहतो आणि वीतभराचा होतो. दुसरा समुद्रात जाऊन येतो आणि स्टीलहेड म्हणवतो. सरळसरळ फॉरेन रिटर्न! वॉशिंग्टननं १९६९ साली त्याला राज्यमासा केलं. १९८९ साली शास्त्रज्ञांनी त्याचं कूळच बदललं आणि 'साल्मो'मधून उचलून पॅसिफिक सामनच्या 'ऑन्कोऱ्हिंकस'मध्ये बसवलं. त्याला त्याचं काही नाही. चमच्याकडे दुर्लक्ष करण्याची त्याची पद्धत दोन्ही कुळांत सारखीच.

ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टन-हिल्सबरोत, कॉम्प्युटर चिपांच्या धंद्यात मराठी माणूस भरपूर. हायवे ६ नं तासाभरात विल्सन नदी. तिला पावसानं पूर येतो, मग पाणी उतरताना दुधाळ, दुधाळचं हिरवट, आणि हिरवटचं नितळ होतं. आपल्याला हवं ते हिरवट: तीन ते पाच फूट खोलवर दिसेल इतपतच. ही अवस्था फार टिकत नाही आणि माझ्या हिशेबानं ती कायम मंगळवारी येते. शनिवारी नदी चहासारखी.

हत्यारं थोडक्यात. नऊ फुटी रॉड, ८ ते १२ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या) दोरीला झेपेल असा. रीळ ३००० किंवा ४००० नंबरचं. दोरी साधी १० ते १२ पौंडी मोनो (एकेरी नायलॉन), नाहीतर ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे चार-पाच फूट १२ पौंडी मोनो. ब्रेड पाणी धरते, म्हणून गोठत्या थंडीत रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ लवकर साचतो. तो नखानं फोडू नका, कडीतलं चिनी मातीचं अस्तर निघून येतं. रॉडचं टोक पाण्यात बुडवा. नदीचं पाणी बर्फापेक्षा गरमच असतं. हे तेवढं एकच ऊबदार वाक्य या लेखात आहे.

स्पिनर, म्हणजे तारेभोवती पातं फिरणारा चमच्याचा भाऊ, विकतचा मिळतो, पण भराभर हरवतो, म्हणून लोक घरीच वळतात. साधारण पाऊण मिलिमीटर जाडीची स्टीलची तार, गोल तोंडाची पक्कड. एका टोकाला लांब दांड्याचा एकेरी गळ घेऊन फासा वळायचा. तारेत आधी पितळेचं जड बोंड, मग मणी, मग क्लेव्हिस नावाची चिमुकली कडी आणि तिच्यात अडकवलेलं पातं. वरच्या टोकाला पुन्हा फासा, तीन वेढे, उरलेली तार कापली, झालं. ते बोंड आणि कडी यांच्यामधला मणी विसरलात तर कडी बोंडावर घासते आणि पातं फिरत नाही. पात्याची खोलगट बाजू तारेकडे हवी. उलटं बसवलं की ते नुसतं फडफडतं. हे सगळं घरी बेसिनच्या नळाखाली कळत नाही, नदीवर कळतं.

पात्याचा आकारही बघावा लागतो. गोलसर कोलोरॅडो पातं अगदी संथ पाण्यातही धपधप फिरतं, पण स्पिनरला वर उचलतं. विलो पातं तारेला चिकटून फिरतं, खोल जातं. मधलं फ्रेंच पातं, ४ किंवा ५ नंबरचं, बहुतेक दिवशी चालतं. चमच्यांचंही तसंच: जाड आणि निमुळता चमचा भरकन बुडतो, म्हणून तो ओढीच्या पाण्यात, पातळ आणि रुंद चमचा डुलत-डुलत जातो, म्हणून तो मंद पाण्यात. वजन ११ ते १९ ग्रॅम. रंगावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मी गढूळ पाण्यात किंवा झुंजूमुंजू असताना चांदी लावतो, नितळ पाण्यात उन्हाला तांबं किंवा काळा, आणि गप्प बसतो.

आता मुख्य अडचण. स्टीलहेड तळाशी बसतो: चार ते आठ फूट खोल पाण्यात, ओढ माणसाच्या चालीइतकी असेल तिथे, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला किंवा डोह संपून पाणी उथळ होऊ लागतं त्या शेपटीत. म्हणून चमचा तळापासून चार बोटं वरून जायला हवा. चार बोटं! वीतभर वरून गेला तर गारठलेला मासा मान वर करत नाही. पाणी चार अंश सेल्सियसच्या खाली गेलं की तो फूटभर बाजूलाही सरकत नाही. आणि चार बोटांऐवजी शून्य बोटं झाली तर चमचा दगडांत. मासा जिथे, दगड तिथेच. दिवसभरात एकही चमचा हरवला नाही असं कोणी मिरवत असेल तर त्यानं दिवसभर मासे नसलेल्या पाण्यात चमचे धुतले, एवढंच समजावं.

चार बोटं साधतात ती रीळ न फिरवल्यानं. समोर, प्रवाहाच्या किंचित खालच्या बाजूला फेका. बुडू द्या. पाणी दोरीचा फुगा करून चमचा ओढायला लागलं की रॉडनं तो फुगा उचलून वरच्या बाजूला ठेवा. मग नुसता ताण धरा आणि रॉडचं टोक चमच्याच्या मागोमाग फिरवा. चमचा प्रवाहातून कमानीसारखा काठाकडे येतो. काठाशी आला की पाच सेकंद तसाच लटकू द्या, पाठलाग करणारा तिथेच ठरवतो. पण मनुष्याचा हात! समोर हँडल आहे आणि ते फिरवायचं नाही, हे त्याला पटतच नाही. लिफ्टचं बटण पुन्हा-पुन्हा दाबणारा हाच हात. एक वेढा, दोन वेढे, आणि चमचा कमरेइतका वर.

स्पिनर बरोबर चालला तर रॉडच्या टोकाला बारीक धपधप जाणवते, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी. खरी खूण म्हणजे ती थांबणं. थांबली की चार शक्यता: पातं दोरीत गुंतलं, आल्डरच्या झाडाचं कुजकं पान लागलं, दगड, किंवा मासा. स्पिनर असेल तर लगेच झटका द्या. चमचा असेल तर मात्र थांबा: पहिल्या टिचकीला ओढलंत तर तोंडातून काढून घेतल्यासारखं होतं. त्याला वळू द्या, वजन येऊ द्या, मग रॉड काठाच्या बाजूला ओढा.

दगड असेल तर जोर लावू नये; गळ आणखी रुततो. दोरी ताणून एकदम सोडा, कधीकधी चमचा मागे उडून सुटतो. नाहीतर भरपूर दोरी ढिली सोडा, प्रवाह तिचा फुगा खाली नेतो आणि उलट्या दिशेनं खेचतो. तेही नाही जमलं तर दोरी हाताला गुंडाळू नका, बाहीला गुंडाळून सरळ मागे चाला. तुटल्याचा आवाज येतो. तो पाच-सहा डॉलरचा असतो.

स्पिनरचा दुसरा उपद्रव दोरीचा पीळ. बॅरल स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी) लावूनही तो चढतोच आणि मग रिळावरून शेवयांचा गोळा उडतो. स्पिनर काढून नुसती दोरी पन्नासेक पावलं प्रवाहात सोडा, दोन मिनिटांनी गुंडाळा, पीळ निघतो.

नदीवर आधीच कोणी उभा असेल तर त्याच्या वरच्या बाजूनं पाण्यात उतरायचं, आणि दर फेकीला दोन पावलं खाली. खालच्या बाजूनं घुसणं म्हणजे रेशनच्या रांगेत मधेच शिरणं.

आणि लागलाच, तर आधी पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा चरबीचा पर बघा. कापलेला असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे माणसानं हौदात वाढवून सोडलेला. नियमात बसत असेल तर घरी नेता येतो. शाबूत असेल तर तो रानातला, आणि तो बहुतेक नद्यांवर सोडावाच लागतो. वॉशिंग्टनमध्ये तर असा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलणंही बेकायदा. म्हणजे एका हातात शेपूट पाण्यातच, दुसऱ्या हातात फोन, दातांत हातमोजा, आणि फोटोत येतो आपला बूट.

तो गेला की दोरीचे शेवटचे सहा फूट बोटांतून फिरवा. खरखरीत लागले तर तोडून नव्यानं गाठ मारा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. घसरलं तर कानस लावा. बोटं गारठलेली असल्यानं गाठ पाचव्या खेपेला बसते, आणि नेमका त्याच वेळी वरच्या बाजूचा माणूस विचारतो, "काही लागलं का?"

"एक," म्हणावं. दगड किती लागले ते त्यानं विचारलेलं नसतं.