दुकानात मात्र छान चालतो

संगणक पूर्णपणे बंद पडला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. बटण दाबले, पंखा फिरला नाही, पडद्यावर काही उमटले नाही, म्हणजे वीज आत पोहोचत नाही, एवढे शेंबड्या पोरालाही कळते. खरा छळ मांडतो तो मनाला येईल तेव्हा, कसलीही पूर्वसूचना न देता, आपला आपण बंद होऊन आपला आपणच पुन्हा सुरू होणारा संगणक. आमचा त्या जातीचा निघाला. मी घरी बसून छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे करते. दर महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे ३-बी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, माझ्या टेबलाभोवती जे वातावरण असते ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. अशा दिवशी सगळे आकडे भरून व्हावेत, आता जतन करायचे एवढेच उरावे, आणि नेमका तेव्हाच पडदा काळा होऊन काही सेकंदांनी मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह जणू काही झालेच नाही अशा थाटात झळकावे, याला छळ नाही तर काय म्हणायचे?

सर्वप्रथम मी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर पलीकडच्या तरुणाने अत्यंत अदबीने विचारले, "मॅडम, एकदा रीस्टार्ट करून पाहिलंत का?" ते काम संगणक माझ्या मदतीवाचून करतो आहे आणि माझी तक्रारही नेमकी तीच आहे, असे मी त्याला जमेल तितक्या शांतपणे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग शट डाउन करून पाहा."

घरात एखादी वस्तू बिघडली की प्रत्येकाला तिचे निदान आधीपासून ठाऊक असते, कारण ते निदान म्हणजे त्याला एरवीही जे म्हणायचेच होते तेच असते. सासऱ्यांच्या मते हा व्हायरस होता. वर्तमानपत्रात हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक बिघाडाला, त्यात एकदा मिक्सरही होता, व्हायरसच जबाबदार आहे. नवऱ्याचे मत "नवीन घेऊन टाक" या तीन शब्दांत मावत होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणाला, "मावशी, तुझं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय." माझ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नाही हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तेच कारण असणार." शेजारचे काका अर्थिंगवर ठाम होते. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

मी स्वतः हिशेबाच्या व्यवसायातली असल्यामुळे पुराव्याशिवाय बोलायला तयार नव्हते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक रोजनिशी असते, ती उघडली. प्रत्येक आकस्मिक बंदीनंतर तिच्यात लाल चिन्हासह एक नोंद सापडत होती: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मोठ्या आशेने तपशील वाचला. तपशिलाचा मथितार्थ असा की, संगणक आधी रीतसर बंद न होताच पुन्हा सुरू झाला आहे. म्हणजे जे मला डोळ्यांनी दिसले होते तेच मला लेखी कळवण्यात आले होते. तरीही या रोजनिशीचा एक उपयोग झाला. विंडोज कोसळताना दाखवते तो निळा पडदा कधीच येत नाही, हे तिच्यामुळे पक्के झाले. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हा त्या पडद्यावर एक रडवेला चेहरा आला (विंडोज ११ मधून तो २०२५ साली गेला). तो कितीही चीड आणणारा असला तरी त्याच्या खाली काहीतरी सांकेतिक कारण लिहिलेले असते. कारण लिहायलाही सवड न मिळता संगणक जातो, तेव्हा संशय एक तर विजेवर घ्यायचा, नाहीतर उष्णतेवर.

म्हणून कॅबिनेट उघडले. वायर काढली, एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिरविद्युत उतरवली आणि बाजूचे पत्र्याचे झाकण सरकवले. आतली धूळ पाहून पत्नी म्हणून, सून म्हणून आणि गृहिणी म्हणून मला जी लाज वाटली ती इथे नोंदवत नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीट सिंक नावाच्या, उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये, धुळीचा चांगला जाड थर बसला होता आणि त्यातून हवा जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पंखा धरून ठेवून, म्हणजे तो गरगरणार नाही अशा बेताने, ब्रशने सगळे साफ केले. हीट सिंक काढला तेव्हा खालची, प्रोसेसरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी भुगा झालेली होती. ती पुसून नवी लावली. काम करताना नव्वदीत जाणारे प्रोसेसरचे तापमान साठीच्या घरात आले. मला विजयी झाल्यासारखे वाटले. संध्याकाळी संगणक पुन्हा बंद पडला.

मग रॅम. आपल्याकडे रॅमवर एकच औषध आहे आणि ते शाळेच्या दप्तरात मिळते. पट्टी बाहेर काढायची, तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा (शाईचा नव्हे, तो खरबरीत असतो), भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या कळा 'खट्' करून बसेपर्यंत पट्टी पुन्हा दाबायची. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्या कडेवर जो सूक्ष्म थर धरतो तो याने निघतो, आणि कित्येक बंद पडलेले संगणक केवळ याच एका उपचाराने उठून बसतात. आमचा उठून बसलेलाच होता; त्याचे दुखणे वेगळे होते. खात्रीसाठी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट नावाची चाचणी रात्रभर चालवली. सकाळी उठून अधीरपणे पडदा पाहिला, तर चुकांची संख्या शून्य. आपल्या घरातली वस्तू निर्दोष निघाली म्हणून एवढे वाईट मला पूर्वी कधीच वाटले नव्हते. रॅममध्ये दोष सापडला असता तर दोन तासांत नवी पट्टी आणून मोकळी झाले असते.

दरम्यान वायर काढल्यामुळे एक नवीच भानगड उघडकीला आली. मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा एक चपटा सेल असतो, आणि आमचा सेल केव्हाच संपलेला होता. भिंतीतली वीज चालू होती तोवर हे लपून राहिले. वायर काढताच संगणक कित्येक वर्षे मागे गेला. तारीख मागची असली की जीएसटीचे संकेतस्थळच काय, कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र संगणकाच्या हिशेबाने अजून लागूच झालेले नसते. सेल बदलला आणि वर्तमानकाळात परत आले. हार्ड डिस्कची तपासणी केली तेव्हा काही सेक्टर 'प्रलंबित' असल्याचे कळले. तिची मुदत भरत आली आहे असा याचा अर्थ. सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घेतली. हेही काम करायलाच हवे होते, पण बंद पडण्याशी त्याचा संबंध नव्हता.

अर्थिंगवाल्या काकांचा शब्द राखण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने खिशातला टेस्टर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेकवला आणि टेस्टरमधला दिवा मंदसा उजळला. "ताई, तुम्हाला झिणझिण्या येत नाहीत का?" येत होत्या, पण त्या मी २० तारखेच्या खात्यावर टाकल्या होत्या. एसएमपीएसच्या आत वीज गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात ते कॅबिनेटला जोडलेले असतात, आणि सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याइतका दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस मरत नाही, फक्त दचकतो. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डचे तिसरे भोक केवळ शोभेचे होते. नवा बोर्ड बसवला, झिणझिण्या थांबल्या, काकांनी जिन्यात गाठून "म्हटलं नव्हतं, वहिनी?" असे विचारून घेतले, आणि रात्री नऊच्या सुमारास संगणक बंद पडला.

एव्हाना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. शोधायला बसले की दोष सापडतातच, आणि सापडलेला प्रत्येक दोष खराच असतो. धूळ खरी होती, पेस्ट खरोखर वाळलेली होती, सेल संपलेला होता, अर्थिंग नव्हते. फक्त गुन्हा यांपैकी कोणीही केलेला नव्हता. यावर जाणकारांची पद्धत अशी की, एका वेळी एकच भाग बाजूला काढून तिथे दुसरा, चांगला भाग लावून पाहायचा. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण तिच्यासाठी घरात दुसरा एसएमपीएस, दुसरी रॅम आणि दुसरा मदरबोर्ड असावा लागतो. म्हणजे एक संगणक दुरुस्त करण्यासाठी शेजारी दुसरा चालू संगणक हवा. तो असता तर मी पहिल्याला हात कशाला लावला असता?

दुसरे सगळे काही ज्याच्याकडे असते त्याला दुकानदार म्हणतात. त्याने फोनवर सांगितले, "मॅडम, बाकी काही नको, सीपीयू तेवढा घेऊन या." जिथे एरवी गॅसची टाकी उभी राहते तिथे, स्कूटरच्या पायाशी, कॅबिनेट उभे केले आणि कोथरूडमधला प्रत्येक खड्डा वाचवत मी ते दुकानात पोहोचवले. दोन दिवस ते तिथे राहिले. दुकानदाराने एसएमपीएसचे दाब मोजले (१२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ चालतात, आमचे मध्यावर होते), संगणकावर एकामागून एक व्हिडिओ चालवले, जेवायला जातानाही तो चालूच ठेवला. संगणक एकदाही बंद पडला नाही. "दुकानात तर छान चालतोय," असे म्हणून त्याने तपासणीचे पैसे घेतले. त्याच्या सुरात, तुम्हीच घरी त्याला नीट वागवत नाही, अशी एक छटा होती. घरी आणून जोडल्यावर त्याच संध्याकाळी तो गेला.

पण या वेळी मी मुद्दाम हात मांडीवर ठेवून, टीव्ही बंद करायला लावून, नुसती ऐकत बसले होते. आधी स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरला. त्याच क्षणी ट्यूबलाइट किंचित मंदावली. मग टेबलाखालून, माझ्या पायांपाशी, स्पष्ट आवाज आला: टक्. आणि पडदा काळा.

टेबलाखाली यूपीएस होता, म्हणजे वीज गेली की संगणकाला बॅटरीवर सांभाळणारा डबा. त्याच्यावर कोणीही, अगदी सासऱ्यांनीसुद्धा, संशय घेतलेला नव्हता, कारण त्याचा हिरवा दिवा चालू होता आणि 'सीपीयू तेवढा' दुकानात गेला तेव्हा तो घरीच राहिला होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. आमच्या इमारतीची वायरिंग जुनी, त्यामुळे तेवढ्यापुरता दाब पडतो. दाब पडला की यूपीएसमधला रिले 'टक्' करून काही मिलिसेकंदांत संगणकाला बॅटरीवर नेतो, आणि आमच्या बाबतीत बॅटरीवर नेणे म्हणजे कड्यावर नेणे होते. पुढच्याच क्षणी वीज सावरायची. आणि वीज परत आली की आपणहून सुरू व्हायचे, अशी एक आज्ञा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, कोणीतरी कधीतरी देऊन ठेवलेली असल्यामुळे संगणक इमानाने उठून उभा राहायचा. गंमत अशी की, एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साधारण १६ मिलिसेकंद तग धरण्याइतकी ऊर्जा असतेच. संगणक सरळ भिंतीला जोडला असता तर फ्रिजचा तो हिसका त्याला बहुधा जाणवलाही नसता. रक्षणासाठी ठेवलेला पहारेकरीच त्याला रोज ढकलून देत होता.

चाचणी अगदी सोपी आहे. सगळे काम जतन करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढायचा. बॅटरी धड असेल तर यूपीएस ठरावीक अंतराने बीप करत काही मिनिटे संगणक सांभाळतो. आमच्याने एक अर्धवट बीप केला आणि सगळे शांत झाले. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी आपल्या हवेत दोन-तीन वर्षे टिकते. ही टाळेबंदीच्या आधीची होती. मल्टिमीटर लावला तर तिने ऐटीत १२.६ व्होल्ट दाखवले, आणि एक १२ व्होल्टचा बल्ब जोडताच काटा ९ च्याही खाली घसरला. नुसती चौकशी केली तर तब्येत ठणठणीत, काम सांगितले की अंथरूण.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, नवी बॅटरी मिळाली. जुनी दुकानदाराने शिशासाठी ठेवून घेतली आणि तेवढे पैसे कमी केले. त्यानंतर आलेली २० तारीख निर्विघ्न पार पडली. आता फ्रिज घरघरतो, टेबलाखाली 'टक्' होते, आणि मी टाइप करत राहते.

घरातल्यांपुरता मात्र खटला वेगळ्याच पद्धतीने निकाली निघाला. काका अर्थिंगचे श्रेय घेऊन मोकळे झाले. भाच्याने ग्राफिक्स कार्डाचा आग्रह सोडला नाही. आता ते का बसवायचे, तर यूपीएस चांगला आहे म्हणून. सासऱ्यांनी एके दिवशी जेवताना विचारले, "व्हायरस गेला म्हणतेस, पण तो मुळात आला कुठून?"

मी म्हटले, "फ्रिजमुळे, बाबा."

ते घास हातात धरून क्षणभर थांबले, आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय, माठातलं पाणी पीत जा."