छाती कमी करण्याच्या ऑपरेशनवरचा तो मेसेज

गेल्या महिन्यात तासगावकडच्या एका वहिनींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. बचतगटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता: ‘ब्रेस्ट रिडक्शन ही बायकांची नुसती हौस. व्यायामाने आणि तेलाच्या मालिशने छाती आपोआप उतरते. ऑपरेशन केलं तर बाळाला दूध पाजता येत नाही, चाकू लागला की कॅन्सर होतो. तरी करायचंच असेल तर आज ऑपरेशन, उद्या कामावर.’ मी मिरजेत एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. या ऑपरेशनच्या जखमा रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी हौस. वहिनींच्या दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्याने खाच पडली आहे, माझ्या बोटाचं पेर त्यात आडवं बसतं. छातीखालची कातडी उन्हाळाभर घामाने चिघळलेली असते. चार भाकऱ्या थापल्या की मान आखडते. ही हौस नाही, दुखणं आहे. विमा पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. मात्र उपचार म्हणून ती गरजेची आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर क्लेम करता येतो. म्हणून मानेचे, पाठीचे, कातडीचे जुने कागद टाकू नका, आणि कंपनीची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या.

तेलाने फक्त कातडी मऊ होते. व्यायामाने छातीमागचा स्नायू घट्ट होतो, त्यावरची चरबी आणि दुधाच्या ग्रंथी तिथेच राहतात. वजन उतरलं की काहीजणींची छाती थोडी उतरते, हे खरं आहे. म्हणूनच आधी वजन स्थिर व्हावं लागतं. ऑपरेशननंतर वजन पुष्कळ वाढलं किंवा दिवस गेले, तर आकार पुन्हा बदलतो.

दुधाचं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्यानेच मुली जास्त घाबरतात. बहुतेक वेळा स्तनाग्र कापून वेगळं करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसांसकट ते मांसाच्या देठावर ठेवतात आणि वर सरकवतात. अशा अनेकजणींना पुढे अंगावर पाजता येतं. काहींना दूध कमी येतं, वरचं द्यावं लागतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही. छाती फारच मोठी असेल तर कधी स्तनाग्र पूर्ण काढून पुन्हा बसवावं लागतं. द्राक्षवाल्या घरात कलम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तसंच हे. मग त्यातून पाजता येत नाही, स्पर्शही बहुतेक जातो. तेव्हा सर्जनला सरळ विचारा, ‘माझं देठावर राहणार की कलम होणार?’ आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे ना, हेही विचारा. त्यात अपमान कुणाचा होत नाही.

ऑपरेशनने कॅन्सर होत नाही. उलट चाळिशी ओलांडलेल्यांची आधी मॅमोग्राफी करून घेतात आणि काढलेलं मांस तपासणीला पाठवतात.

‘उद्या कामावर’ वाचून मात्र माझा संताप झाला. पूर्ण भूल देऊन दोन ते चार तासांचं हे काम आहे. टाके स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि बहुधा छातीखालच्या घडीतही असतात. ते वण फिके व्हायला वर्ष लागतं, पुसले कधीच जात नाहीत. खालच्या दोन रेघा मिळतात तिथली जखम पुष्कळदा थोडी उघडते आणि मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग चालतं. चार ते सहा आठवडे घागर नाही, सिलिंडर नाही, म्हशीची धार नाही. आणि द्राक्षाच्या मंडपाखाली हात वर करून घडांची विरळणी तर नाहीच. एक बाई तिसऱ्या आठवड्यात बागेत गेली आणि टाका सुटून परत माझ्यासमोर येऊन बसली. घरच्यांनी तोच मेसेज वाचला होता.

आणि जे सगळ्यात आधी सांगायला हवं, ते त्या मेसेजमध्ये नाहीच. मिश्री. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. स्तनाग्र जगतं ते त्या देठातून येणाऱ्या रक्तावर. रक्त कमी पडलं तर कडा काळ्या पडतात, जखम भरत नाही, कधी स्तनाग्राचा भागही जातो. डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट? तंबाखू?’ बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तव्यावर भाजून दाताला लावतो ती तिच्या लेखी तंबाखू नसतेच. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री बंद हवी. लपवू नका, डॉक्टर रागावले तरी सांगा.

मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘सिस्टर, मी तर नुसते दात घासते.’ पिशवीतून डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, मग माझ्याकडे सरकवली. ऑपरेशनची तारीख वहिनी पावसाळ्यातली घेणार आहेत, बागेचं काम हलकं असतं तेव्हाची. काल फोन आला होता. मिश्री सुटून एकवीस दिवस झालेत.