जागा रिकामी आहे, हे आधी सांगा तरी

मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या नाशिकच्या एखाद्या संस्थेत विश्वस्ताची जागा रिकामी झाली की पुढची चर्चा ठरलेली. एकाचं म्हणणं, मानसोपचारतज्ज्ञ घ्या, संस्थेचं वजन वाढेल. दुसऱ्याचं म्हणणं, सातपूर-अंबडचा एखादा कारखानदार घ्या, पगाराची चिंता मिटेल. तिसरा सुचवतो, अमक्यांचा मुलगा लंडनला असतो, त्याचं नाव टाका. पाउंडात देणगी येईल. तिन्ही नावांवर काथ्याकूट झाला की एकमत होतं ते एवढ्यावरच: हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत हो.

इंग्लंडमधून ही चर्चा ऐकताना माझं मत उलट होत जातं. माणसं मिळत नाहीत, कारण ती मागितलीच जात नाहीत. जागा रिकामी आहे हे कार्यकारिणी आणि तिचे चार स्नेही सोडले तर गावात कुणाला ठाऊक नसतं. कुणाला कळलंच, तरी काम काय, किती तास, किती वर्षं, पैसे द्यावे लागतात का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. नाशिकला संस्थांच्या कारभाराची आवड नाही असं कोण म्हणेल? मविप्रची (मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेची) निवडणूक आली की जिल्हा पॅनेलमय होतो, सार्वजनिक वाचनालयाच्या निवडणुकीची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर होते. पण मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्राची खुर्ची म्हटली की सगळं 'बिनविरोध', म्हणजे फोनवर उरकलेलं.

इथे इंग्लंडमध्ये ट्रस्टीच्या, म्हणजे विश्वस्ताच्या, जागेची जाहिरात देणं ही नेहमीची गोष्ट आहे. पानभर मजकूर: संस्था काय करते, सध्या बोर्डावर कोण आहेत, कोणतं कौशल्य कमी पडतंय, वर्षातून किती सभा, मुदत किती. मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल. इथल्या 2017 च्या चॅरिटी गव्हर्नन्स कोडने, म्हणजे संस्थांच्या कारभारासाठीच्या ऐच्छिक आचारसंहितेने, बोर्डावर साधारण पाच ते बारा माणसं असावीत असं सुचवलं. नऊ वर्षांहून जास्त काळ कुणाला ठेवायचं तर त्याची कारणं तपासून, ती जाहीर करून ठेवा, असंही सांगितलं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. त्याच 2017 साली इंग्लंड-वेल्समधल्या ट्रस्टींचा सरकारी पातळीवर अभ्यास झाला, तेव्हा पुरुष स्त्रियांच्या दुप्पट निघाले, आणि बहुतेक जण ओळखीपाळखीतूनच आलेले. किड्स कंपनी ही मुलांसाठी काम करणारी लंडनची नामांकित संस्था 2015 मध्ये एकाएकी बंद पडली. बोर्डावर वजनदार नावं होती, अध्यक्ष तर 2003 पासून तेच. संसदीय समितीने 2016 च्या अहवालात बोट ठेवलं ते यावर, की संस्था देत असलेल्या सेवांचा, म्हणजे मानसोपचाराचा किंवा युवकसेवेचा, अनुभव असलेलं त्या बोर्डावर कुणीच नव्हतं. (ट्रस्टींना अपात्र ठरवण्याचा दावा 2021 मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळला, हेही सांगायला हवं.) मोठ्या नावांनी बोर्ड भरलं की कारभार सुधारतो, या समजुतीचा फोलपणा पाहायला नाशिकहून फार लांब जायला नको, पण लांबचंही उदाहरण हाताशी असावं.

मग घ्यायचं कुणाला? या बाबतीत आपला कायदा आपल्या संस्थांच्या पुढे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजाराचा अनुभव असलेल्यांचे दोन आणि काळजीवाहकांचे दोन प्रतिनिधी ठेवायला सांगितले. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावरही दोन जागा अशा व्यक्तींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांसाठी आहेत. आपल्याकडच्या स्वमदत गटांत ज्यांना शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात, ती ही माणसं, आजार असलेली आणि त्यांना सांभाळणारी. या मंडळाच्या जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अध्यक्षाशेजारी त्यांना बसवायला संसदेला अडचण वाटली नाही. मग गंगापूर रोडवरच्या ट्रस्टला का वाटावी? राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. सुरगाणा-पेठहून पेशंट घेऊन ठाण्याला जायचं तर एसटी कुठे बदलावी लागते, रात्री कुठे थांबतात आणि परतल्यावर गोळ्या कुठे मिळत नाहीत, हे ज्या बाईने केलंय तिलाच नेमकं माहीत असतं. ते ज्ञान ताळेबंदातून येत नाही.

पण आधी संस्थेची घटना उघडून वाचा. जुन्या घटनांमध्ये विश्वस्तपद रद्द होण्याचं एक कलम हमखास असतं: मृत्यू, राजीनामा, दिवाळखोरी, फौजदारी शिक्षा 'किंवा वेड लागल्यास'. ज्या संस्थेच्या फलकावर 'मानसिक आजार हा कलंक नव्हे' असं लिहिलंय, तिच्याच घटनेत हे असतं! 2017 च्या कायद्यातलं कलम 3(5) स्पष्ट सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं ठरवलं असेल तरच. कंपनी कायदाही संचालकाच्या अपात्रतेसाठी न्यायालयाचा निर्णयच मागतो. ब्रिटनने अशी जुनी कलमं काढायला 2013 मध्ये स्वतंत्र कायदा केला. तोवर खासदारकी, ज्युरी आणि कंपनीचं संचालकपद या तिन्ही ठिकाणी ही अडचण होती. घटनेत 'सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्यास' एवढे शब्द घाला. घटनादुरुस्तीची रीत घटनेतच दिलेली असते. ती पाळा आणि दुरुस्ती धर्मादाय कार्यालयात नोंदवा.

दुसरं कलम गैरहजेरीचं. लागोपाठ तीन सभांना न आल्यास पद रिक्त. शुभार्थी विश्वस्ताला आजाराने उचल खाल्ली तर तीन सभा सहज हुकतात आणि पद आपोआप जातं. त्यासाठी 'पूर्वसूचनेने घेतलेली वैद्यकीय रजा गैरहजेरीत धरू नये' अशी तरतूद हवी. मात्र रजेवरचा माणूस एकूण संख्येत धरलाच जातो, त्यामुळे गणपूर्तीचं गणित आधी करून ठेवा. सात विश्वस्त, गणपूर्ती दोन तृतीयांश, म्हणजे पाच. एक रजेवर, एक मुलीकडे बंगळुरूला आणि एकाची ऐन वेळी दुसरी मीटिंग, की सभा तहकूब.

शुभार्थी-शुभंकरांसाठी जागा एक नको, दोन हव्यात. एकटा माणूस प्रदर्शनाला ठेवल्यासारखा होतो. प्रत्येक विषयावर 'पेशंटच्या दृष्टीने' बोलायची सक्ती त्याच्यावर येते आणि हिशेबाच्या चर्चेत त्याच्याकडे कुणी पाहतही नाही. सभेचे कागद सात दिवस आधी द्या, शक्यतो मराठीत. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. कळवणहून येणाऱ्याला 'व्हाउचर भरा, पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं की तो तिसऱ्या सभेला येत नाही. आणि आजाराची कहाणी सांगायला लावू नका, ना मुलाखतीत ना वार्षिक अहवालात.

डॉक्टर आणि देणगीदार नकोत असं मी म्हणत नाही. डॉक्टर हवाच. पण त्याचं स्वतःचं हॉस्पिटल असेल तर केंद्रातले पेशंट कुठे पाठवायचे, या विषयावर त्याने सभेबाहेर बसायचं आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त भाडं किंवा फी दिली तर संस्थेची आयकर सवलत धोक्यात येते. जागा विश्वस्ताच्या मालकीची असेल तर भाड्याचा करार आणि आजूबाजूचे दर फाइलला हवेत. देणगीदाराच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. देणगीच्या आशेने दिलेलं पद दोन्ही बाजूंना जाचतं. त्याला देणगीदारच राहू द्या, वर्षातून दोनदा चहाला बोलावून हिशेब दाखवा.

तेव्हा जाहिरात द्या. महिन्याला दोन तासांची एक सभा, कागद वाचायला अर्धा दिवस, वर्षातून दोनदा केंद्राला न कळवता भेट. मुदत तीन वर्षं, फार तर दोनदा. देणगीची अपेक्षा नाही, हे वाक्य ठळक टाका. त्या एका वाक्याने निम्मे लायक लोक पुढे येतात. वाचनालयाचा फलक, सीएंच्या संघटनेची नाशिक शाखा, वकील संघ, समाजकार्याची महाविद्यालयं, निमा-आयमा या उद्योजकांच्या संघटना, स्वमदत गटांच्या बैठका, नाशिकरोडला प्रेसमधून आणि ओझरला एचएएलमधून निवृत्त झालेल्यांचे ग्रुप, सगळीकडे तोच कागद जाऊ द्या. इंग्लंडमधल्या काही संस्था करतात तसा बारा पानी अर्ज मात्र करू नका. नाशिकमध्ये तो कुणी भरणार नाही, आणि जो भरेल त्याच्याकडे वेळ जरा जास्तच आहे असं समजा. एक पानी पत्र पुरे.

मुलाखत चाळीस मिनिटांची. समोर दोन विश्वस्त आणि एक शुभंकर. 'तुम्हाला समाजसेवेची आवड कधीपासून?' असले प्रश्न सोडा, सगळे उत्तम उत्तर देतात. प्रसंग द्या. ओळखीच्या नगरसेवकाचा फोन आला की अमक्याला उद्या दाखल करून घ्या, काय कराल? अचानक भेटीत वॉर्डनच्या ड्रॉवरमध्ये चाळीस हजार रोख सापडले आणि कॅशबुकात नोंद नाही, पुढचा तास कसा घालवाल? शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे आमच्या सोसायटीतला तो मुलगा येतो ना? पहिल्यात दाखल करण्याचा निर्णय विश्वस्ताचा नसतो, हे उमेदवाराला कळतं का ते दिसतं. तिसऱ्यात बरेच भले लोक घसरतात. 'हो, बरा आहे आता तो' असं प्रेमाने सांगून मोकळे होतात, आणि गोपनीयतेचा भंग झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

उमेदवारानेही कागद मागावेत: घटना, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ज्यात विश्वस्तांची नावं असतात) उतारा, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, निवासी केंद्र असेल तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. जी संस्था हे द्यायला कां कू करते तिथे जाऊ नये. निवड झाली तरी पहिल्या दोन सभांना निरीक्षक म्हणून बसवा, मताशिवाय, गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेऊन. निवासी केंद्रात ये-जा होणार असेल तर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही घ्या.

खरी कुतरओढ पुढे आहे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम 22, नमुना शेड्यूल थ्री. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारणं शोधत बसा. रिपोर्ट अडतो तो क्वचितच माणसावरून, बहुतेकदा कागदावरून. घटनेत पंधरा दिवसांची नोटीस असताना दहा दिवसांत सभा घेतलेली असते. नोटीस सर्वांना मिळाल्याचा पुरावा नसतो. नेमणूक अजेंड्यावर नसून 'आयत्या वेळचे विषय' खाली उरकलेली असते. घटनेनुसार निवड सर्वसाधारण सभेने करायची असताना कार्यकारिणीनेच स्वीकृत करून टाकलेलं असतं. गेलेल्या विश्वस्ताचा मृत्यू दाखला किंवा राजीनामा जोडलेला नसतो. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे मागचेच चेंज रिपोर्ट निकालात निघालेले नसतात. शेड्यूल वनवर अजून दिवंगतांचीच नावं. आज सभा बोलावणारे अध्यक्ष कागदोपत्री विश्वस्तच नसतील तर त्यांनी केलेल्या नेमणुकीवर कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणून जाहिरातीच्याही आधी शेड्यूल वनची प्रमाणित नक्कल काढा. नवीन माणसाला वस्तुस्थिती सांगा, आणि जुने अर्ज निकाली निघेपर्यंत बँकेच्या सह्या बदलायची घाई करू नका.

राहिला लंडनचा मुलगा. त्याला विश्वस्त करू नका. अचानक भेट त्याला जमत नाही. प्रतिज्ञापत्रावर सही हवी तर परदेशात नोटरी आणि अपॉस्टिलचे (कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्याचे) सोपस्कार, आणि तोवर 90 दिवस उलटतात. पैशाचं म्हणाल तर त्यासाठी पद लागतच नाही. पासपोर्ट पाहावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी परकीय मानली जात नाही. तोच ब्रिटिश नागरिक झाला, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं) असलं, तरी तो कायद्याने परकीय स्रोत. संस्थेकडे एफसीआरएखाली, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याचा एक पाउंडही घेता येत नाही. असेल, तर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. हे न पाहता 'दादा, अकाउंट नंबर पाठवतो' म्हणणारे खजिनदार संस्थेला नोटिशीच्या दारात नेऊन उभे करतात. आम्हा परदेशस्थांना कामच द्यायचं असेल तर ट्रस्टीच्या जागेचा मसुदा तपासायला द्या, इथल्या संस्थांची धोरणं मराठीत करून मागवा, निरीक्षक उमेदवाराला दर महिन्याला तासभर व्हिडिओवर हिशेब वाचायला शिकवायला सांगा. भारतीय पासपोर्टवाल्यांकडून कळवणच्या विश्वस्ताचं वर्षभराचं एसटीभाडं मागा.