"गोळ्या बंद, पळणं सुरू" : सोसायटीच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला माझं उत्तर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरत आला, तुमच्याकडेही आला असेल. उगवता सूर्य, धावणारा माणूस आणि खाली लिहिलंय की स्किझोफ्रेनिया, बायपोलर वगैरे सगळी आळशीपणाची थेरं, घरच्यांनी लाडावून ठेवलेली, तेव्हा पेशंटला रोज पहाटे ५ ला उठवा, १० हजार पावलं पळवा, गोळ्या बंद करा, ३ महिन्यांत ठणठणीत. आणि शेवटी लाल अक्षरात, अशांना बागेत नेऊ नका, अंगावर धावून येतात. म्हणजे पळवायचं पण आणि बाहेर पण काढायचं नाही. मग पळणार कुठे, गॅलरीत?

माझ्या दादाला १४ वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो, म्हणून हे लिहायला बसले.

आधी आळशीपणाचं बघू. दादा दिवसभर सोफ्यावर असतो हे खरंय. मी पण त्याला आळशी म्हटलंय, तेही आईसमोर, आता आठवलं की कसंतरी होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला वॉकिंगचे बूट आणले. पहिल्या दिवशी त्याने बूट घातले, एका पायाची लेस बांधली आणि दुसरी हातात धरून वीस मिनिटं तसाच बसला. मी विचारलं जायचं नाही का, तर म्हणाला जायचंय ना. आणि खरंच जायचं होतं हो त्याला! आवाज ऐकू येणं, संशय हे लोकांना माहीत असतं, पण काही सुरूच करता न येणं हासुद्धा याच आजाराचा भाग आहे, डॉक्टर त्याला निगेटिव्ह सिम्प्टम म्हणतात, आणि भास गोळ्यांनी जेवढे आटोक्यात येतात तेवढं हे येत नाही. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि मोठं डिप्रेशन असलेल्या ३५ हजारांवर लोकांच्या आकड्यांची २०१७ मध्ये एकत्र गोळाबेरीज झाली होती, त्यात दिवसाला सरासरी ४७६ मिनिटं बसून जातात असं निघालं, म्हणजे जवळजवळ आठ तास, झोप सोडून. एवढी माणसं एकदम लाडावली का?

आता गोळ्या. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि तेच डेंजर आहे. ओलॅन्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी भूक प्रचंड वाढते, वजन वाढतं, शुगर वाढते. दादाची पँट ३२ ची ३८ झाली, रात्री अकराला उठून पोळ्यांचा डबा रिकामा करायचा. पण म्हणून बंद? अशा गोळ्या चालू ठेवलेल्या आणि त्याऐवजी नुसती साखरेची गोळी दिलेल्या पेशंट्सची तुलना करणाऱ्या ६५ अभ्यासांचा हिशोब २०१२ मध्ये आला, वर्षभरात आजार उलटला तो गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६४ टक्के. आम्ही हा प्रयोग घरी केलाय, एका ओळखीच्यांच्या सल्ल्याने. पहिला महिना मस्त, आम्ही खूश, पाचव्या आठवड्यात दादाने घरातले सगळे चार्जर काढून बाल्कनीत नेऊन ठेवले, त्यातून आपलं बोलणं बाहेर ऐकू जातंय म्हणून. परत रुळावर यायला आठ महिने गेले. वजन वाढत असेल तर ते डॉक्टरला सांगायचं असतं, गोळी बदलता येते, काहींना मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी देतात, शुगर आणि कमरेचं माप ठराविक दिवसांनी बघतात. आपण गप्प बसतो आणि मग फॉरवर्डवर विश्वास ठेवतो.

पहाटे ५ चा हट्ट तर कुणी काढलाय देव जाणे. रात्रीच्या डोसची गुंगी सकाळी असतेच, शिवाय यातल्या काही गोळ्यांनी झटकन उठलं की बीपी खाली येतं आणि माणूस बेसिनपाशीच कोसळतो. आम्ही संध्याकाळी जातो, सव्वासहाला, कचराळी तलावाच्या ट्रॅकवर.

आणि ते १० हजार पावलांचं. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय, मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचा मीटर. स्किझोफ्रेनियातल्या व्यायामाचे अभ्यास एकत्र बघितले तर आठवड्याला ९० मिनिटांच्या आसपास, जरा दम लागेल असा व्यायाम केलेल्यांची लक्षणं कमी झालेली दिसतात, औषधं चालू असताना हं. गंमत म्हणजे त्यात वजन फारसं उतरलं नव्हतं, दमसास मात्र सुधारला होता, त्यामुळे दर रविवारी वजनकाट्यावर उभं करून आईने तोंड पाडायचं कारण नाही (आई, वाचतेस ना). हे महत्त्वाचं अशासाठी की या आजारांची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यात मोठा वाटा हार्ट, डायबिटीस असल्या शरीराच्या आजारांचा असतो.

बायपोलरवाल्यांच्या घरी एक गोष्ट नक्की सांगा. लिथियम ही बायपोलरची गोळी चालू असेल आणि ठाण्याच्या मे महिन्यात घामाघूम होऊन पाणी नीट प्यायलं नाही तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, चालताना तोल जाणं, असं काही दिसलं की थेट डॉक्टर. आणि मेसेज म्हणतो पळवा!

अंगावर धावून येण्याबद्दल फार लिहीत नाही. अशा पेशंट्सनी दुसऱ्याला मारण्यापेक्षा त्यांनाच मार बसण्याची शक्यता जास्त असते. आपल्या गावात १९०१ पासून मेंटल हॉस्पिटल आहे, त्यामुळे अख्ख्या मुंबईला "ठाण्याला नेऊ का?" हा जोक करायची सवय आहे, आणि आपण ठाणेकर पण हसतो. ट्रॅकवर दादाने आजवर कुणाला काही केलं असेल तर एवढंच की एका आजींची पडलेली काठी उचलून दिली आणि त्यांच्याशी काय बोलायचं ते न सुचून तसाच उभा राहिला.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे सोबत. अशा व्यायामाच्या कार्यक्रमांतून साधारण चारातला एक मधेच सोडतो, आणि जिथे शिकलेला ट्रेनर किंवा फिजिओ बरोबर असतो तिथे सोडणारे कमी असतात. आमच्याकडे फिजिओ नाही, मी आहे. मी खाली बसून दुसरी लेस बांधते, मग तो उठतो, सुरुवातीला एक फेरी व्हायची, आता चार होतात, शेवटच्या फेरीत मला मागे टाकतो आणि वळून बघतो.

गुरुवारी मला ऑफिसातून यायला आठ वाजतात, त्या दिवशी दादा घरीच बसतो. मेसेज पाठवणारे काका त्याच वेळी त्याच ट्रॅकवर असतात, आमच्याच मजल्यावर राहतात.